काहिलीत भरलेल्या घागरी

"आधी बसून मनन करा आणि मग लिहा," असं बाईंनी सांगितलं तेव्हा वर्गातल्या निम्म्या जणी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला राग आला होता. डोंगर चढायला सांगितला, चढले. लाकडं फोडायला सांगितली, फोडली. नदीत घातलं, नदीतही गेले. आता वर त्यावर लिहायचं कशाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

गोष्ट साताऱ्याची. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं आणि आटपाडीकडची आमची वाडी संस्थानातून निघून जिल्ह्यात आली होती. वाड्यावस्त्यांवर मुलींच्या शाळा काढायचं सरकारच्या मनात होतं, पण शिकवायला बायका कुठं होत्या? म्हणून सातवीची फायनल परीक्षा पास झालेल्या आम्हा पोरींना गोळा करून साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आणून बसवलं होतं. तिथल्या बोर्डिंगात आम्ही राहायचो, एका खोलीत चौघी, आणि भांडणं आठजणींची.

आमचं घर मेंढरांचं. पाऊस सरला की आबा आणि चुलते कळप घेऊन खाली उतरायचे ते पुढच्या पावसाच्या तोंडाला परत. अशा घरातली पोरगी फायनलपर्यंत पोचली ती माझ्या मामामुळं. मामा पलटणीत होता. तिथं दुसऱ्याच्या हातापाया पडून घरी पत्रं लिहून घ्यायचा त्याला इतका वैताग आला, की सुटून वडूजला आल्या आल्या त्यानं मला उचललं आणि आपल्या घरी ठेवून शाळेत घातलं. आई खूश होती. आबा म्हणाले, "शिकू दे. पर किती दिस, ते ठरवा."

शेवटी ते त्यांनीच ठरवलं. मी साताऱ्याला निघाले तेव्हा म्हणाले, "सरकारनं शाळा दिली तर मास्तरीण हो. न्हाई दिली तर दिवाळी झाली की लगीन."

नवरा तयारच होता, माझ्या आत्याचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता हो, उंच, हसरा, पण मेंढरांपलीकडं त्याला दुसरं बोलणंच नव्हतं. माझ्याशी तो जन्मात एकदाच बोलला होता आणि तेही एका लंगड्या मेंढीबद्दल. त्याच्यामागून कळपाबरोबर गावोगाव फिरायचं, की आपल्या वाडीत फळ्यासमोर उभं राहायचं, एवढाच माझ्यापुढं प्रश्न होता. मला फळा पाहिजे होता. इतका पाहिजे होता की रात्री झोपेतसुद्धा मी बाराखडी म्हणते, असं खोलीतल्या पोरी चिडवायच्या.

आता बाईंचं सांगते. बाई पुण्याच्या. नऊवारी नेसायच्या आणि खाली पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. साताऱ्याच्या रस्त्यानं चालल्या की लोक दुकानातून माना बाहेर काढायचे, पण बाई कुणाकडं ढुंकून बघायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की खेड्यातली शाळा चालवायची म्हणजे धीर पाहिजे, आणि धीर पुस्तकातून येत नाही, तो हातापायांतून येतो. म्हणून त्यांनी आमचं साहस-शिबिर काढलं, अर्धं साताऱ्याच्या डोंगरात आणि अर्धं सांगलीच्या अलीकडं कृष्णेकाठी. शिबिराची परीक्षा नाही. पण शिबिरानंतर प्रत्येकीनं मननलेख लिहायचा. आपण काय केलं, तेव्हा मनात काय आलं आणि त्यातून आपल्याला आपल्याविषयी काय कळलं. त्या लेखाखाली बाईंची सही पडल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्राशिवाय स्कूल बोर्ड शाळा देत नाही. म्हणजे माझी शाळा त्या कागदाला टांगलेली होती.

डोंगरात तर मी मजाच केली. पाठीला पडशी लावून यवतेश्वरचा चढ चढायचा, वर दगडांची चूल मांडायची, उघड्यावर झोपायचं. ह्याला साहस म्हणतात हे मला तिथं कळलं! आमच्यात ह्याला सोमवार म्हणतात. पोरी धापा टाकत होत्या, कुणाचा काष्टा सुटत होता, कुणाच्या पायाला फोड. मी वर पोचून सगळ्यांच्या आधी चूल पेटवली. बाई घामाघूम होऊन पोचल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचा पेला दिला आणि म्हणाले, "दमलात का बाई?" त्यांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं. मी लय ऐटीत होते त्या दिवसांत.

मग आम्ही नदीवर आलो.

नवरात्र तोंडावर आलं होतं, पण वर कुठं तरी पाऊस झाला होता आणि कृष्णा दोन्ही काठ भरून चाललेली. मी नुसती उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला रडायला आलं. आमच्याकडं ओढा आहे, त्याला पावसात चार दिवस पाणी असतं, मग वर्षभर वाळू. एवढं पाणी, आणि त्याला कुणी राखण नाही, कुणाची पाळी नाही, आपलं चाललंय खाली! माझ्याशेजारी सांगलीची मैत्रीण उभी होती. आमच्याच खोलीतली. नदीकाठी वाढलेली, माशासारखी पोहणारी. ती म्हणाली, "अगं, हे काहीच नाही. आषाढात बघायला पाहिजे होतंस." मला तिचा असा राग आला!

पलीकडच्या काठाला जाऊन स्वयंपाक करायचा असं ठरलं होतं. आणि जायचं कशातून, तर काहिलीतून. गुऱ्हाळात उसाचा रस आटवून गूळ करतात ना, ती मोठी लोखंडी कढई. त्या भागात नदी चढली की लोक काहील पाण्यात सोडतात आणि तीत बसून पलीकडं जातात. ना तिला पुढचं तोंड, ना मागचं. पाण्यात पडली की गरागरा फिरते. एक म्हातारा नावाडी होता, तो हातातल्या वल्ह्यानं तिला जरा वळण लावायचा, बाकी सगळा नदीचा कारभार.

एका खेपेला पाच-सहा जणी. आमच्या खेपेत मी, सांगलीची मैत्रीण, आणखी दोघी आणि बाई. शिवाय स्वयंपाकाची भांडी. दोन रिकाम्या घागरी, बादली, मोठं पातेलं, तांबे, ताटल्या. नावाडी म्हणाला, "बायांनो, हालू नका. हाललासा तर काय खरं न्हाई."

आम्ही कशाला हलतोय! माझी तर बोबडी वळली होती. डोंगरावरची सगळी ऐट काठावरच राहिली. काहील मधोमध पोचली आणि एका भोवऱ्याला लागून जोरात फिरली, तशी एका बाजूनं कललीच. भसकन पाणी आत आलं, घोट्याच्या वर. एक पोरगी किंचाळली. नावाडी ओरडला, "उपसा! पानी उपसा बिगीबिगी!"

उपसायला मी सगळ्यांच्या पुढं. भीती वाटली की माझे हात चालतात, हे एक बरं आहे. तांब्या घेतला आणि भराभर पाणी उपसायला लागले. सांगलीची मैत्रीण पातेल्यानं उपसत होती, बाई पदर खोचून दोन्ही ओंजळींनी. सगळ्या जणी जिवाच्या आकांतानं उपसतोय आणि काहील काही वर येईना. नावाडी वल्हं मारता मारता शिव्या देतोय, नदीला, काहिलीला, आम्हाला. मग त्यानं वळून बघितलं आणि वल्हं धरून तसाच राहिला.

"अगं ए बये," तो म्हणाला, "काय करतीयास काय?"

मी घागर भरत होते. एक घागर काठोकाठ भरून झाली होती, तिच्यावर मी झाकण म्हणून ताटली पण ठेवली होती. दुसरी अर्ध्यावर आली होती. बादली आधीच भरलेली. काहिलीत आलेलं पाणी मी तांब्या तांब्यानं उचलून काहिलीतल्याच भांड्यांत भरत होते.

"भाईर टाक की!" नावाडी ओरडला.

"आवं, एवढं चांगलं पाणी?" मी म्हणाले.

देवाशपथ सांगते, मी असंच म्हणाले. सांगलीच्या मैत्रिणीच्या हातातलं पातेलं गळून पडलं. तिनं उठून माझी भरलेली घागर धरली, नदीत उलटी केली आणि मी, बुडत्या काहिलीत बसून, तिच्या हातावर चापट मारली. चांगली जोरात. दुसरी घागर बाईंनी ओतली. मी बादली कवटाळून बसले होते, ती नावाड्यानं वल्ह्यानं उडवून दिली. मग कुठं काहील वर आली आणि आम्ही काठाला लागलो. काठावर उतरल्यावर सगळ्या अशा हसत सुटल्या की एकजण हसता हसता चिखलात बसली. नावाडीसुद्धा हसत होता. मी सोडून सगळे. मी म्हटलं, बादली वाहून गेली त्याचं कुणाला काही आहे का?

पलीकडच्या काठावर चूल मांडली, भात झाला, सगळ्या जेवल्या. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललेलं. ही गोष्ट बोर्डाच्या साहेबाला कळली तर तो म्हणेल, ही बाई पोरींना बुडवील, हिला शाळा कशाला द्या?

तर असं सगळं झाल्यावर साताऱ्याला परत येऊन मननलेख लिहायचा होता.

मी पहिला लेख लिहिला तो असा: "डोंगर चढले. स्वयंपाक केला. नदी ओलांडली. शिबिर चांगले झाले." लगेच नेऊन दिला. बाईंनी तो माझ्यादेखत वाचला, उलटून मागं काही आहे का बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणीही लिहिलं असतं. तू कुठं आहेस ह्यात?"

खोलीवर येऊन मी आदळआपट केली. सांगलीच्या मैत्रिणीला माझी दया आली. चापट विसरली होती बिचारी. ती म्हणाली, "थांब, मी सांगते तसं लिही. लेख कसा सजवायचा असतो." तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. शीतल वायुलहरी काय, रजतवर्ण जलौघ काय, सूर्यनारायणाचे सोनेरी किरण काय! निम्म्या शब्दांचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण दिसायला लेख असा भरगच्च झाला की मला वाटलं, आता सही पडलीच.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी आभाळ आलेलं होतं. पाणी गढूळ होतं. मी होते तिथं." आणि कागद माझ्या हातात दिला. "परवापर्यंत दे. परवा सगळे लेख बोर्डाकडं जातील. तुझा नसला तर तुझ्याशिवाय जातील."

तिथं माझा बांध फुटला. शुद्ध बोलायचं म्हणून इतके महिने जिभेला लगाम घातला होता, तो गेला चुलीत. "आवं बाई, काय लिवू मी? घागरी भरल्या ते लिवू? बोर्डाचा सायेब हसंल आन माझी शाळा जाईल! तुमाला काय, तुमची नोकरी हाय. माझं दिवाळीनंतर लगीन लावत्यात!"

व्हरांड्यात दोन शिक्षिका उभ्या होत्या, त्या लगबगीनं आत गेल्या. बाई मात्र चिडल्या नाहीत. हीच तर त्यांची खोड, आपण भांडायला जावं आणि त्यांनी ऐकून घ्यावं! म्हणाल्या, "घागरी भरल्या हे मला माहीतच आहे. माझे पाय त्याच पाण्यात होते. हात बाहेर का गेला नाही, ते मला माहीत नाही. ते लिही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर कागद घेऊन बसले. समोर नळ होता. एक पोरगी आली, तिनं तोंड धुतलं, नळ तसाच सोडून शेजारणीशी गप्पा मारत उभी राहिली. पाणी वाहतंय आणि हिची आपली चोळीच्या कापडाची चर्चा चाललेली. माझ्या डोक्यात तिडीक उठली. कागद टाकला, उठले, नळ कचकन बंद केला आणि तिच्यावर अशी खेकसले की ती रडकुंडीला आली. "एवढं काय झालं गं?" ती म्हणाली, "पाण्याला का पैसे पडतात?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि मला कळलं की हिला सांगायचं म्हणजे पायरीवर उभं राहून सांगण्यासारखं नाही, ते लांबलचक आहे. मी परत कागद घेतला आणि लिहायला बसले.

लिहिलं की आमच्याकडं होळी झाली की ओढ्याच्या वाळूत खड्डा करतात, त्याला झरा म्हणतात. त्यात हळूहळू पाणी साचतं, ते करवंटीनं भरायचं. एक घागर भरेपर्यंत पोर मांडीवर झोपून उठतं. लिहिलं की आमच्या घरी पाहुणा आला तर ताक हवं तेवढं मिळतं, पण पाणी मागताना शहाणा माणूस अर्धा तांब्या मागतो. तोंड धुतलेलं पाणी भांडी विसळायला, भांड्यांचं पाणी कोंबड्यांना. आंघोळ परातीत बसून करायची, आणि ते पाणी दारातल्या शेवग्याला. लहानपणी एकदा खेळता खेळता माझा धक्का लागून घागर लवंडली. आई मारायला धावली नाही. ती खाली बसली आणि जमिनीत जिरायच्या आधी जेवढं हातानं ओढून परातीत घेता येईल तेवढं घ्यायला लागली. मीही तिच्याशेजारी बसून ओढत होते. त्या दिवसापासून पाणी सांडताना दिसलं की माझे हात भांडं शोधतात, मला विचारत नाहीत.

आणि शेवटी लिहिलं, "नावाड्याने बाहेर टाक म्हटले ते मला ऐकू आले होते. मला मरायची भीती वाटत होती. तरी हात काहिलीच्या काठाबाहेर जाईना. पुढच्या वेळी काहील बुडू लागली तर मी पाणी बाहेर टाकीन. पण मला वाईट वाटेल."

बाईंनी तो लेख उभ्याउभ्याच वाचला. शेवटच्या ओळीला त्या फस्सकन हसल्या. हसता हसता चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या, ते काही केल्या पुसून होईनात. मग टाक बुडवून खाली सही केली. "साहेब हसले तर हसू देत," म्हणाल्या. "मी स्वतः घेऊन जाते."

बोर्डाच्या निकालाच्या आदल्याच दिवशी आबा साताऱ्याला येऊन धडकले. सर्व्हिस मोटारीनं आले होते, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. शिबिरात पोरींना नदीत घालतात ही बातमी वाडीपर्यंत पोचली होती आणि आत्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीला घेऊन या, म्हणाली, आमची सून हाय ती. आबा फाटकाशी उभे राहून म्हणाले, "गाठुडं बांध." मी म्हणाले, उद्यापर्यंत थांबा. ते थांबले. रात्री धर्मशाळेत निजले. माझा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं. बोर्डाचा कागद त्यांच्या हातात होता. आमच्याच वाडीला मुलींची शाळा मंजूर झाली होती, आणि ती मला दिली होती. साहेब हसले का, असं मी विचारलं. "हसले," बाई म्हणाल्या, "आणि मग त्यांनी तुझ्या वाडीला विहीर कुठं आहे ते विचारलं. मी म्हटलं, तेच तर ती सांगतेय."

आबांना ह्यातलं काही कळेना. ते म्हणाले, "बाईसाहेब, शाळा कशावर दिली हिला? काय लिवलं हिनं एवढं?"

बाईंनी माझा लेख माझ्यापुढं धरला. "वाचून दाखव."

आबांसमोर मी तोवर कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. ते मेंढरांत आणि मी शाळेत, गाठ कुठं पडणार? मी वाचायला लागले. झरा आला, करवंटी आली, परात आली. आबा जमिनीकडं बघत उकिडवे बसले होते. घागर लवंडली तिथं त्यांनी एकदा मान वर केली. शेवटच्या ओळीला ते हसले नाहीत.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "एवढंच? हे तर आमास्नी समद्यास्नी ठावं हाय."

"व्हय आबा."

"मग ह्याला शाळा कशी काय दित्यात?"

आबांनी हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी तो उलटा धरला होता. तसाच बराच वेळ बघितला, घडी घातली, पुन्हा उघडली. मग विचारलं, "ह्यात तुझी आय कुठं हाय, दाव."

मी कागद सरळ केला आणि ती ओळ बोटानं दाखवली. त्यांनी आपलं बोट त्या ओळीवर ठेवलं. मेंढरं राखून राखून राठ झालेलं बोट, ते त्या ओळीवर या टोकाकडून त्या टोकाकडं हळूहळू नेलं.

"आत्याला मी सांगतो," ते म्हणाले. "लगीन न्हाई म्हणून."

मी ढसाढसा रडायला लागले. आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "आता रडतीस कशापायी? चल, फाटकापातूर ये. गाडी चुकंल माझी."